ऑटोपायलटचा सर्वो नुसत्या चार बोल्टांनी बसत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरी बांधल्या जाणाऱ्या कंपोझिट विमानांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. फोम, ग्लास कापड आणि इपॉक्सी यांतून पंख कसा घडतो हे त्यात नेमके मांडले आहे. ऑटोपायलटबद्दल मात्र एकच ओळ आहे: सर्वो मोटर (ऑटोपायलटच्या हुकमाने कंट्रोल हलवणारी) जवळच्या बल्कहेडला (विमानाच्या आतल्या आडव्या भिंतीला) चार बोल्टांनी बसवायची, दांडी जोडायची आणि वायरिंग करायचे. अशी विमाने बांधणारे आणि तपासणारे म्हणून या ओळीबद्दल लिहिणे आम्हाला भाग वाटते. सर्वो ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेट विमानाच्या कंट्रोल सिस्टिमचाच भाग आहे. ते चुकले तर ऑटोपायलट नीट चालत नाही, हे कमी नुकसान झाले. उडताना वैमानिकाच्या हातातली स्टिक अडकू शकते, हे मोठे. पत्र लांबले आहे. पण हे काम करायला घेतलेल्या वाचकाला त्याचा उपयोग होईल, म्हणून शक्य तर पूर्ण छापावे.

सुरुवात जोराच्या हिशेबाने करू. लहान विमानांत वापरल्या जाणाऱ्या एखाद्या सर्वोचा टॉर्क ३६ इंच-पौंड, म्हणजे जवळपास ४ न्यूटन-मीटर असतो. त्याचा आर्म (सर्वोबरोबर फिरणारा छोटा हात) ३८ मिलिमीटरचा धरला तर पुशरॉडवर (सर्वोला कंट्रोलशी जोडणाऱ्या दांडीवर) सुमारे १०७ न्यूटन, म्हणजे ११ किलोचा जोर येतो. ३/१६ इंची एएन३ बोल्ट एकटा ९,००० न्यूटनच्या वर ताण सोसतो. असे चार बोल्ट म्हणजे गरजेच्या कितीतरी पट, त्यामुळे आकडेमोड इथपर्यंत आली की बांधणारा निर्धास्त होतो. इथेच गफलत होते. सर्वोच्या ब्रॅकेटमध्ये मजबुती सहज मिळते, ताठपणा मिळत नाही, आणि ऑटोपायलटचे सगळे वागणे ताठपणावर अवलंबून असते.

३८ मिलिमीटरच्या आर्मपाशी ब्रॅकेट १ मिलिमीटर जरी दबले तरी आर्मची दीड अंशाची हालचाल वाया जाते. स्थिर उड्डाणात ऑटोपायलटच्या दुरुस्त्या मुळात एवढ्याशाच असतात. मग होते असे की सर्वो फिरतो, ब्रॅकेट दबते, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी हलती फळी) जागचा हलत नाही. उंची सुधारली नाही म्हणून ऑटोपायलट सर्वो आणखी फिरवतो. शेवटी दांड्यांमधले घर्षण सुटून एलेव्हेटर एकदम सरकतो, विमान ठरलेली उंची ओलांडते आणि हेच सगळे उलट दिशेने सुरू होते. नाक सावकाश वरखाली होत राहते. मालक सेटिंगमध्ये जाऊन गेन (ऑटोपायलटच्या प्रतिसादाची तीव्रता) कमी करतो; विमान सुस्त होते, पण डोलणे काही थांबत नाही. गेनला हात लावण्याआधी ब्रॅकेट तपासा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

कंपोझिट विमानात हा दोष जास्त का आढळतो, तर इथल्या भिंती पातळ असतात. दोन्ही अंगांना ग्लास कापडाचे दोन-दोन थर आणि मध्ये फोम असे पॅनेल स्वतःच्या प्रतलात फार ताठ असते. पण त्याच्या मध्यावर काटकोनात जोर दिला की ते पोटासारखे फुगते आणि आत जाते. विमान-रचनाकार बर्ट रुटान यांची घरी बांधायची कंपोझिट विमाने, व्हेरीईझी १९७५ साली आणि लाँग-ईझी १९७९ साली उडाली, त्या वेळी आजचे डिजिटल सर्वो नव्हते. त्या घराण्यातल्या विमानांत सर्वोची जागा बांधणाऱ्यालाच शोधावी लागते. साचेबद्ध किटमध्ये कधी तयार ब्रॅकेट मिळते, कधी नाही.

जागा निवडताना पहिला प्रश्न हा की सर्वोचा जोर कुठे जाणार आहे. पुशरॉडची दिशा ज्या भिंतीच्या प्रतलाला समांतर असेल ती भिंत चांगली. तशी भिंत नसेल तर दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा घ्यावा, म्हणजे एकीचा कमकुवतपणा दुसरी सांभाळते. स्किनच्या (बाहेरच्या कवचाच्या) मोकळ्या भागावर सर्वो बसवू नये. पंखाच्या स्पारकॅपला (मुख्य भार घेणाऱ्या पट्ट्याला) भोक पाडू नये, इंधनटाकीच्या भिंतीलाही नाही. या दोन्हींना कसलाही अपवाद नाही. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते हात घालून किंवा आरशाने बघितल्याशिवाय ड्रिल लावू नये. ब्रेकची नळी, वायरींचा जुडगा, इंधनाची लाईन, सगळे तिथेच असते. सर्वो थेट एलेव्हेटर किंवा एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या फळीच्या) हॉर्नला, म्हणजे त्या फळीवरच्याच दांड्याला, जोडायचा मोह टाळावा. कंट्रोल सरफेसवर वजन वाढले की त्याचा मास बॅलन्स बिघडतो, आणि फ्लटरशी (हवेच्या झोतात त्या फळीच्या अनियंत्रित फडफडण्याशी) खेळ कोणी करू नये. बेलक्रँक (दांडीच्या जोराची दिशा बदलणारा फिरता तुकडा) किंवा टॉर्क ट्यूबवरचा (कंट्रोलच्या फिरत्या नळीवरचा) स्वतंत्र आर्म ही योग्य जागा.

जागेबाबत आणखी दोन गोष्टी. सर्वोत चुंबक असतात, म्हणून मॅग्नेटोमीटरपासून (चुंबकीय दिशा मोजणाऱ्या सेन्सरपासून) तो दोन फूट तरी लांब ठेवावा आणि निर्मात्याने त्याहून जास्त अंतर सांगितले असेल तर ते पाळावे. दुसरे म्हणजे, सर्वो, ब्रॅकेट आणि दांडी मिळून साधारण एक ते दीड किलो होतात. लहान पंख पुढे आणि इंजिन मागे असलेल्या कॅनार्ड विमानात हे वजन फायरवॉलजवळ (इंजिनालगतच्या आगरोधक भिंतीजवळ), म्हणजे अगदी मागे पडले तर वजन-तोल पुन्हा काढावा लागतो.

आता भूमितीकडे येतो. या कामातला सर्वांत धोकादायक भाग हाच, आणि तो ब्रॅकेट बनवण्याआधी सुटायला हवा. सर्वोचा आर्म आणि पुशरॉड एकमेकांशी काटकोनात असतात तेव्हा स्टिकने सर्वोला मागे फिरवणे सोपे असते. आर्म काटकोनापासून जसजसा दूर जातो तसतसा स्टिककडून येणारा जोर सर्वोला फिरवायला कमी पडू लागतो. ६० अंशांवर तो निम्मा उरतो. ९० अंशांवर आर्म आणि पुशरॉड एका रेषेत येतात आणि मग वैमानिकाने कितीही ओढले तरी सर्वो फिरत नाही. सायकलचे पेडल अगदी तळाला असताना त्यावर सगळे वजन टाकून उभे राहिले तरी चाक हलत नाही, तोच प्रकार. आर्म या रेषेच्या पलीकडे गेला तर कंट्रोल तिथेच कुलूपबंद होतात.

म्हणून नियम असा की आर्मची हालचाल मध्यापासून दोन्ही बाजूंना ६० अंशांच्या आत राहिली पाहिजे. हिशेब सोपा आहे. बेलक्रँकवरचा जोडबिंदू टोकापासून टोकापर्यंत ४४ मिलिमीटर सरकतो असे धरा. आर्मच्या फिरण्याच्या केंद्रापासून २५ मिलिमीटरवरच्या (१ इंची) भोकात दांडी जोडली तर आर्म बरोबर ६० अंश जातो, म्हणजे मर्यादेवरच. ३८ मिलिमीटरवरच्या (दीड इंची) भोकात तोच आर्म ३५ अंशच जातो. बाहेरच्या भोकात जोर कमी मिळतो, आतल्यात जास्त. म्हणून ‘जोर पुरत नाही’ म्हणून दांडी आत सरकवली की कोन वाढतो, हे लक्षात असू द्यावे. भोक बदलले की कोन पुन्हा मोजायचा.

इथे एक चूक वारंवार होते. आर्म आणि दांडी यांचा काटकोन एलेव्हेटर न्यूट्रलला ठेवून जुळवला जातो. पण एलेव्हेटर वर आणि खाली सारखा जात नाही. तो समजा वर २५ अंश आणि खाली १५ अंश जात असेल तर न्यूट्रल हा एकूण हालचालीचा मध्य नव्हे. काटकोन एकूण हालचालीच्या मध्यावर यायला हवा. न्यूट्रलला जुळवलेला सर्वो एका बाजूला ४० अंशांवर थांबतो आणि दुसऱ्या बाजूला मर्यादेच्या पार जाऊ शकतो, तेही नेमके स्टिक पूर्ण ओढल्यावर, म्हणजे उतरताना.

थांब्यांचा क्रमही ठरलेला आहे. स्टिक टोकाला नेली की आधी विमानाचे मूळ थांबे (हालचाल अडवणारे टेकू) लागले पाहिजेत. सर्वोचा आर्म त्याच्या स्वतःच्या थांब्यापर्यंत पोहोचताच कामा नये. सर्वोसोबत थांब्याचे ब्रॅकेट मिळते, ते न विसरता लावावे. एखादा बोल्ट निसटला किंवा दांडी सुटली तरी आर्म रेषेपलीकडे जाऊ नये, यासाठीच ते असते. काही सर्वोंच्या आर्ममध्ये पितळी शिअर स्क्रू असतो, जो ठराविक जोराला तुटून आर्म मोकळा करतो. त्याच्या जागी पोलादी स्क्रू लावण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत. असे कधीही करू नये.

हे सगळे आधी पुठ्ठ्यावर करून बघावे. दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्याचा आर्म, लाकडी पट्टीचा पुशरॉड आणि प्लायवूडचा तुकडा सर्वोच्या जागी क्लॅम्पने धरून स्टिक टोकापासून टोकापर्यंत फिरवावी. दांडी कुठे घासते, आर्म कशाला आपटतो, रॉडएंड (दांडीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किती तिरका होतो, हे दहा मिनिटांत दिसते. रॉडएंडचा गोळा साधारण १० अंशांपेक्षा जास्त तिरका व्हायला लागला तर त्याची मान बोल्टच्या वॉशरवर टेकते आणि दर हालचालीला आट्यांपाशी वाकते. आर्मचे प्रतल आणि बेलक्रँकचे प्रतल एकच ठेवले तर हा प्रश्न येत नाही. पुशरॉड शक्य तितका लांब ठेवावा. फार आखूड दांडी स्वतःच मोठ्या कोनात डोलते आणि सगळा हिशेब वाकडा करते.

ब्रॅकेट धातूचे करावे की ग्लासचे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आमचा कल असा: सर्वो ज्या सपाट भागावर बसतो तो अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तो भिंतीला धरणारी रचना ग्लासची. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास असतो, हाताने घातलेल्या ग्लास कापडाच्या थरांचा साधारण १५ ते २०. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनात वाढतो, म्हणून सव्वादोन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमइतका ताठ ग्लासचा पत्रा करायला पावणेचार मिलिमीटर जाडी लागते. बीआयडी (दोन्ही दिशांना सारखे धागे असलेल्या) कापडाचा एक थर साधारण एक तृतीयांश मिलिमीटरचा, म्हणजे अकरा-बारा थर झाले. दोन-तीन थरांच्या ब्रॅकेटवर सर्वो बसवणाऱ्यांनी हा आकडा बघावा. जाडी नको असेल तर मध्ये ६ मिलिमीटर पीव्हीसी फोम आणि दोन्हीकडे तीन-तीन थर असे सँडविच करावे. वजनात ते हलके पडते आणि ताठपणा उत्तम मिळतो. अट एकच, बोल्टच्या जागी फोम राहता कामा नये.

धातूचा भाग ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या १.६ मिलिमीटर (०.०६३ इंच) पत्र्याचा पुरतो, मात्र त्याच्या मोकळ्या कडा १२ ते १५ मिलिमीटर वाकवून फ्लँज काढावी लागते. सपाट ठेवायचा असेल तर २.३ मिलिमीटर घ्यावा. वाकवताना आतली त्रिज्या ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि वाकाची रेषा पत्र्याच्या रोलिंगच्या रेषांना आडवी यावी. रेषांच्या दिशेने वाकवले तर बाहेरच्या अंगाला केसासारख्या भेगा पडतात. त्या रंगाखाली झाकल्या जातात आणि इंजिनच्या थरथरीने वाढतात. चार सिलिंडरचे इंजिन २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० वेळा ठोके देते, त्यामुळे भेगेला वाढायला फार दिवस लागत नाहीत. कापल्यावर कडा कानशीने गोल करून बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात. बोल्टचे केंद्र कडेपासून बोल्टच्या जाडीच्या किमान दुप्पट आत असावे. एएन३ साठी ते साडेनऊ मिलिमीटर होते.

आता चिकटवणी. ब्रॅकेट निघून येण्याची कारणे शोधली तर नव्वद टक्के वेळा ती पृष्ठभागाच्या तयारीत सापडतात, हा आमचा ठाम समज आहे. जुन्या, सुकलेल्या लेअपवर (इपॉक्सीत भिजवून घातलेल्या कापडाच्या थरांवर) नवा थर बसतो तेव्हा त्यांच्यात रासायनिक जोड होत नाही, फक्त खरबरीत पकड होते. म्हणून ती पकड निर्माण करावी लागते.

इपॉक्सी दमट हवेत सुकली की तिच्यावर मेणचट पापुद्रा येतो. हा अमाईनचा थर कोमट पाण्याने आणि खरबरीत स्पाँजने आधी धुवावा. न धुता सँडपेपर मारला तर तो पापुद्रा रगडून आत जातो आणि पृष्ठभाग छान पांढरा दिसतो, पण पकड मिळत नाही. धुऊन वाळल्यावर ८० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावे. चकाकीचा एक ठिपकाही राहता कामा नये. मात्र कापडाचे धागे कापले जातील इतके खोलही जाऊ नये. धूळ व्हॅक्यूमने काढावी, मग स्वच्छ कापडाला थोडे अ‍ॅसिटोन लावून एकाच दिशेने पुसावे आणि पूर्ण उडून जाऊ द्यावे. नंतर बोट लावू नये. शंका असेल तर स्वच्छ पाण्याचे थेंब टाकून बघावे: पाणी पसरून पातळ पडदा झाला तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब गोळा झाले तर पुन्हा पहिल्यापासून. ही परीक्षा केली तर पृष्ठभाग पूर्ण कोरडा करूनच पुढे जावे. घासल्यापासून त्याच दिवशी लेअप घालावा. रंग किंवा प्रायमर असलेल्या भागावर चिकटवू नये, तो खरवडून काढावा. सिलिकॉनचा स्प्रे ज्या खोलीत वापरला जातो तिथे हे काम करूच नये.

सँडविच भिंतीत बोल्ट घालायचा असेल तर फोम काढावाच लागतो. बोल्ट आवळला की फोम दबतो, थर आत वाकतात, काही दिवसांत फोम आणखी बसतो आणि बोल्ट ढिला होतो. कृती अशी: ज्या बाजूला ब्रॅकेट येणार त्या बाजूचा थर बोल्टभोवती २५ ते ३० मिलिमीटर व्यासाचा कापून काढावा, फोम खरवडून पलीकडच्या थरापर्यंत पोहोचावे, आणि पोकळी फ्लॉक्सने, म्हणजे इपॉक्सीत कापसाचे तंतू मिसळून केलेल्या लगद्याने भरावी. पातळ मायक्रो, म्हणजे काचेच्या पोकळ गोळ्यांचे मिश्रण, इथे चालत नाही. ते हलके असते पण दाबाला टिकत नाही. फ्लॉक्स भरण्याआधी पोकळीच्या भिंतींना साधी इपॉक्सी ब्रशने लावावी, नाहीतर कोरडा फोम रस शोषून घेतो. वरून तीन थर कापड, प्रत्येक मागच्यापेक्षा २५ मिलिमीटर मोठा. एका वेळी इपॉक्सी १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये, आणि खोल पोकळी दोन हप्त्यांत भरावी. मोठा गोळा स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि आजूबाजूचा फोम वितळवतो किंवा जाळतो. माप वजनाने घ्यावे, १ ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर, निर्मात्याने दिलेल्या प्रमाणात. उदाहरणार्थ, एमजीएस एल२८५ मध्ये १०० भाग रेझिनला ४० भाग हार्डनर वजनाने लागतो. घाई म्हणून हार्डनर वाढवला तर इपॉक्सी लवकर सुकत नाही, उलट मऊ राहते.

जास्त जोर येणाऱ्या जागी आम्ही हार्डपॉइंट पसंत करतो. ३ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्या मागे नटप्लेट (जागेवर पक्का बसवलेला नट), आणि पट्टीत बोल्टांच्या भोकांव्यतिरिक्त ६ मिलिमीटरची चार-सहा भोके. ही भोके फ्लॉक्सने भरून पलीकडच्या थराला धरतात, म्हणून पट्टी निव्वळ चिकटण्यावर अवलंबून राहत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर मिनिटांत तयार होतो, त्यामुळे ओली इपॉक्सी लावून तिच्यातच पेपरने घासावे आणि पुसून लगेच ताजी लावावी. नटप्लेटच्या आट्यांत इपॉक्सी शिरू नये म्हणून मेण लावलेला बोल्ट आत ठेवावा. पट्टीवर तीन थर कापड, कडेपासून चहूबाजूंना ५० मिलिमीटर पुढे. विमान कार्बनचे असेल तर अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांच्यामध्ये ग्लासचा एक थर आवश्यक. ओलावा आला की कार्बनला लागलेले अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होत खाल्ले जाते.

ग्लासचे ब्रॅकेट दोन भिंतींच्या कोपऱ्यात धरायचे तर कोपऱ्यात आधी फ्लॉक्सची गोलाई भरावी, साधारण ८ मिलिमीटर त्रिज्येची. ग्लासचे धागे तीक्ष्ण कोपऱ्यात बसत नाहीत, वर उचलले जातात आणि खाली हवेची लांब नळी राहते. त्यावर ४५ अंशांत कापलेले तीन थर, दोन्ही भिंतींवर ५० मिलिमीटर. कापड स्क्वीजीने इतके दाबावे की पांढरा कोरडा डाग उरू नये आणि चकाकणारे डबकेही राहू नये. वरून पीलप्लाय (सुकल्यावर सोलून काढायचे कापड) घालावा. तो काढल्यावर कडा पायऱ्या न राहता सपाट होतात. याच मिश्रणाने एक नमुना बाजूला, तसाच तयार केलेल्या तुकड्यावर घालावा. सुकल्यावर छिन्नीने उचकटून बघावा. धागे फाटले आणि खालच्या पृष्ठभागाचे तंतू वर आले तर जोड चांगला. नमुना चकचकीत पापडासारखा सुटून आला तर विमानातला जोडही तसाच आहे, तो काढावा लागेल.

भोके पाडताना मागे लाकडाचा तुकडा घट्ट धरावा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर सुटतो. आधी ४ मिलिमीटरचे भोक, मग रीमरने बोल्टच्या मापाचे. सर्वो ब्रॅकेटवर ठेवून एक भोक पाडा, बोल्ट घाला, स्टिक फिरवून बघा, मगच बाकीची. ग्लासची धूळ फुप्फुसात जाते, मास्क असावाच.

बोल्ट आवळताना एएन३ आणि नायलॉनची कडी असलेल्या एएन३६५ नटसाठी २० ते २५ इंच-पौंड टॉर्क, अधिक नट मोकळा फिरवताना लागणारा टॉर्क. ग्लासवर साध्या वॉशरऐवजी रुंद एएन९७० वॉशर. आट्यांचा भाग भोकात टेकू नये, आणि नटच्या बाहेर एक ते तीन आटे दिसावेत. पोस्ट-क्युअर न केलेल्या (सुकल्यावर गरम करून पक्क्या न केलेल्या) इपॉक्सीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे की उन्हात उभ्या विमानात किंवा फायरवॉलजवळ ती मऊ पडू लागते, बोल्टखाली हळूहळू दबते आणि टॉर्क उतरतो. रॉडएंडच्या उघड्या बाजूला रुंद वॉशर लावावाच, म्हणजे गोळा बाहेर निसटला तरी दांडी बोल्टवर अडकून राहते. पुशरॉडमध्ये रॉडएंडचे आटे त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आत असावेत आणि चेकनट (आटे ढिले होऊ न देणारा जोडनट) घट्ट असावा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. धातूच्या विमानासारखा सांगाडा इथे अर्थिंगला मिळत नाही, म्हणून सर्वोची निगेटिव्ह वायर थेट मुख्य ग्राउंड बसपर्यंत न्यावी. डिसकनेक्टचे बटण स्टिकवर, आणि सर्वोचा ब्रेकर बसल्या जागी हाताला लागेल असा. ग्लास स्किन रेडिओलहरी अडवत नाही आणि पुष्कळ बांधणारे अँटेना स्किनच्या आतच चिकटवतात, त्यामुळे सर्वो आणि अँटेना शेजारी येण्याचा धोका कंपोझिटमध्ये जास्त. ऑटोपायलट जमिनीवर सुरू ठेवून ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमधल्या पाच-सहा फ्रिक्वेन्सीवर रेडिओचे बटण दाबून बघावे. स्टिक किंचितही उडाली तर शिल्डिंग, फेराइट किंवा अँटेनाची जागा यांपैकी काहीतरी बदलल्याशिवाय उडू नये.

जमिनीवरच्या चाचण्यांना अर्धा दिवस द्यावा. वीज बंद ठेवून स्टिक टोकापासून टोकापर्यंत फिरवावी आणि स्प्रिंग बॅलन्सने लागणारा जोर मोजावा. सर्वो जोडण्याआधीचा आकडा लिहून ठेवला असेल तर फरक कळतो. मग सर्वो सुरू करून स्टिकने त्याला मागे रेटावे, दोन्ही दिशांना, मध्यावर आणि दोन्ही टोकांना. हा जोर वैमानिकाला एका हाताने सहज लावता आला पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने ब्रॅकेटवर डायल इंडिकेटर (बारीक सरकणे मोजणारे काट्याचे उपकरण) लावून बघावे. आमच्या मते पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल दिसली तर ब्रॅकेटला आणखी एक आधार हवा. इंडिकेटर नसेल तर बोटाची एक बाजू ब्रॅकेटवर आणि दुसरी भिंतीवर टेकवून ठेवावी. एक दशांश मिलिमीटरचे सरकणेही बोटाला कळते. दिशा उलटी नाही ना, हेही इथेच तपासावे: नाक खाली दाखवणाऱ्या स्थितीत सर्वोने स्टिक मागे ओढली पाहिजे.

पहिल्या उड्डाणात ऑटोपायलट पुरेशा उंचीवर, एकेक अक्ष करून सुरू करावा आणि हात स्टिकवर ठेवावा. पहिल्या १० तासांनंतर आणि पुन्हा २५ तासांनंतर पॅनेल उघडून टॉर्क तपासावा, नटांवर रंगाची रेघ मारावी. बॅटरीचा उजेड ग्लासच्या जोडाच्या कडेला तिरका पाडावा. कडेला पांढरट रेषा दिसली तर थर सुटू लागला आहे. ती रेषा जिथे संपते तिथे पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि जोड काढून नवा घालेपर्यंत सर्वोचा पुशरॉड सोडवून ठेवावा.

आपले,
कंपोझिट विमाने बांधणारे काही वाचक